मथुताईंचा कावळा

मथुताईंनी दुकानातून सामान घेऊन निघालेल्या माणसाला कधीही "पुन्हा या" म्हटलं नाही. शेजारच्या चहावाल्याच्या तोंडून एकदा सवयीने ते निघून गेलं, तर त्यांनी भर बोळात त्याची खरडपट्टी काढली. "अरे, माझं गाठोडं घेऊन चाललेत ते. पुन्हा यायचं म्हणजे घरातलं आणखी कुणी जायचं?" चहावाला बिचारा आठवडाभर कुणालाच काही म्हणेना, सुटे पैसेसुद्धा मुकाट्याने परत करायचा.

त्यांचं दुकान पंचवटीत, घाटाकडे उतरणाऱ्या बोळाच्या तोंडाशी. दहाव्याला लागणारं सगळं तिथे मिळे. दर्भ, काळे तीळ, सातूचं पीठ, मडकी, पत्रावळी. मी समोरच्या घरात राहतो. एका हायस्कुलात एकतीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालोय. चित्रकला शिकवून म्हणजे, गणिताचे मास्तर रजेवर असले की त्यांचा वर्ग सांभाळून. जगातली मोठी चित्रं मी मासिकांतूनच पाहिली, पण बोलायला बसलो की ऐकणाऱ्याला वाटावं, हा परवाच सगळीकडे जाऊन आलाय.

मथुताईंना मात्र असं कधीच वाटलं नाही. घाटाचं एक मोठं चित्र मी चार महिने खपून काढलं होतं. देवळं, पायऱ्या, छत्र्या, पाण्यातली प्रतिबिंबं. त्यांनी ते दुकानाच्या पायरीवर ठेवून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "सगळं आहे हो मास्तर. पण तुमच्या घाटावर कुणी कशाची वाट बघत नाहीये." मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्या दुकानाकडे बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं आणि कबूल करायला हवं, एकही माणूस वाट बघत नव्हता. सगळे नुसते उभे होते.

वाट बघणं हा मथुताईंचा विषय. दहाव्याला पिंड ठेवायचे, सगळ्यांनी मागे सरायचं आणि कावळा येऊन शिवायची वाट बघायची. कावळा लगेच शिवला की माणूस सुखाने गेला, आणि नाही शिवला की त्याची काही इच्छा राहिली. मग घरचे हात जोडून बोलायला लागतात. धाकट्याचं लग्न करू, आईला सांभाळू, घराची वाटणी नीट करू. माणूस जिवंत असताना जे दहा वर्षं कबूल केलेलं नसतं, ते कावळ्यासमोर दहा मिनिटांत कबूल होतं. आणि तरीही कावळा आला नाही की कुणीतरी बोळात धावत यायचं, "मथुताई, जरा चला हो."

त्या जायच्या. साडीचा पदर खोचून, पायात मुलाने परदेशातून पाठवलेले पांढरे स्पोर्ट शूज. पिंडाकडे त्या बघायच्याच नाहीत, बघायच्या माणसांकडे. एकदा एका घरचे तिघे भाऊ दीड तास तिष्ठत होते. मथुताईंनी एक नजर फिरवली. "ती मागे, भिंतीपाशी उभी आहे ती कोण?" भावांनी माना खाली घातल्या. बहीण होती. परजातीत लग्न केलं म्हणून बारा वर्षं बोलणं बंद, आजही कुणी बोलावलं नव्हतं, आपणहून आली होती. "तिला पुढे घ्या," मथुताई म्हणाल्या. ती रडत पुढे आली, भाऊ रडत बाजूला झाले आणि खरोखर कावळा उतरला. मी बघत होतो, माझ्या अंगावर काटा आला.

संध्याकाळी मी त्यांना हे सगळं पुन्हा रंगवून सांगायला लागलो, तर म्हणाल्या, "मास्तर, कावळा तिथेच होता, पिंपळावर. ते तिघं पिंडाच्या अंगावर उभे! तो उतरणार कुठे? तिला पुढे बोलावलं म्हणून ते बाजूला झाले, कावळ्याला वाट मिळाली."

"म्हणजे हे सगळं खोटं?"

"खोटं कसं? बहीण खरी होती की."

 

गिऱ्हाइकाला गाठोडं देताना त्या एक प्रश्न ठरवून विचारायच्या. "साहित्य पुरं आहे. माणसं पुरी आहेत का? सगळ्यांना कळवलंय ना?" कुणी म्हणालं की एका मुलाला कळवलं नाही, त्याची परीक्षा आहे, तर त्या गाठोडं हातातच धरून ठेवायच्या. "आधी फोन करा. परीक्षा पुन्हा येते." एका गृहस्थाला त्यांनी दुकानातूनच फोन करायला लावला होता. सगळा बोळ ऐकत होता.

आणि याच बाईने स्वतःच्या मुलाला कळवलं नाही.

त्यांचा मुलगा हेमंत जर्मनीत. एकुलता एक. मथुताईंचे यजमान, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, आजारी पडले तेव्हा हेमंतची तिकडे कायम राहण्याच्या परवान्याची तारीख अगदी तोंडावर आली होती. नोकरीही नवी. आत्ता देश सोडला तर सगळं पहिल्यापासून, असं तोच कधीतरी फोनवर बोलून गेला होता. मथुताईंनी ते लक्षात ठेवलं. अण्णा नऊ दिवस हॉस्पिटलात होते. नऊ दिवस मथुताई मुलाला फोनवर सांगत होत्या, "बाबा ना? जेवून आत्ताच आडवे झालेत." दहाव्या दिवशी सांगितलं, बाबा रात्री झोपेतच गेले. तो निघतो म्हणाला, तर त्यालाच दम दिला. "येऊन काय करणार आहेस? विलास करतोय सगळं." विलास म्हणजे पुतण्या. पुढे चार महिन्यांनी हेमंत आला तेव्हा त्याने पहिलं हेच विचारलं, "कावळा?" मथुताई म्हणाल्या, "लगेच शिवला रे. आम्ही मागे सरायच्या आत."

सगळ्या बोळाने हे ऐकलं आणि कुणी चकार शब्द काढला नाही. आमच्या बोळात एखादं गुपित टिकल्याचं हे एकच उदाहरण.

कारण कावळा शिवला नव्हता. मी होतो तिथे. सकाळी नऊपासून बारापर्यंत सगळे बसून. विलासने जिलबी ठेवली, अण्णांची आवडती मिसळ ठेवली, तंबाखूची डबी ठेवली. कावळे समोरच्या भिंतीवर बसून होते आणि भरपूर जागा मोकळी होती. सगळ्यांना ठाऊक होतं अण्णांना काय हवंय ते, पण मथुताईंना ते सांगायचं कुणी? त्या एकदा पुढे गेल्या, पिंडापाशी वाकून काहीतरी पुटपुटल्या आणि मागे आल्या. तरी कावळा येईना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. अगदीच इलाज नसला की तसं करतात. दर्भ अर्थातच मथुताईंच्या दुकानातला.

आता एक गोष्ट मी तेव्हाच लक्षात ठेवायला हवी होती आणि मी ती साफ विसरलो. त्या हिवाळ्यात घाटावर एक युरोपातली बाई कॅमेरा घेऊन दोन महिने बसायची. उंच, सडपातळ, दहा-बारा मराठी शब्द येणारी. मथुताईंच्या पायरीवर तिचं बस्तान. घरच्यांना विचारायची, हो म्हणाले तरच कॅमेरा लावायची. अण्णांच्या दहाव्याला ती आली, तेव्हा मी तिला हटकायला उठलो. मथुताईंनी मला थांबवलं. "राहू द्या. सगळ्यांचं काढते, आपलंच का नको?" मथुताईंचा न्याय असा होता. स्वतःलासुद्धा सूट नाही.

पुढे हेमंतने आईला तिकडे बोलवायचा धोशा लावला. मथुताई एकट्या विमानात बसायला तयार नव्हत्या. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणून, म्हणजे मला इंग्रजी येतं असं त्यांना वाटतं म्हणून, हेमंतने माझंही तिकीट काढलं. मी आढेवेढे घेतले, पण साधारण दीड मिनिट. कारण हेमंत राहतो त्या शहरात दर काही वर्षांनी जगभरातल्या आजच्या चित्रकारांचं मोठं प्रदर्शन भरतं आणि ते त्याच वर्षी होतं. एकतीस वर्षं ज्याच्यावर मी व्याख्यानं झोडली, ते मला फुकटात दिसणार होतं.

तिथे गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी माहितीपुस्तिका चाळत होतो आणि ओरडलोच, "हेमंत! अरे, आपला घाट! नाशिकचा घाट आहे यात! कुणीतरी फिल्म केलीय, सहा तासांची!" पोरगं हरखून गेलं. "आई, तू पण असशील त्यात!" मथुताई चपात्या लाटत होत्या. म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही दोघं जाऊन या." मग म्हणाल्या, गुडघा दुखतोय. मग म्हणाल्या, इथल्या थंडीत नको. तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं! मी शहाणा त्यांना समजावत बसलो की ताई, असा योग पुन्हा येत नाही, तिथे लिफ्ट आहे, खुर्च्या आहेत.

हेमंत म्हणाला, "आई, मला बघायचाय गं घाट. तुझ्याबरोबर बघायचाय." मग त्यांनी शूज घातले आणि निघाल्या.

प्रदर्शन म्हणजे चार मोठाल्या इमारती. पहिल्याच दालनात छतापर्यंत बांबू बांधून काहीतरी उभं केलं होतं, सगळीकडे दोर. मी लगेच सुरू झालो, विस्थापन, असुरक्षितता, आधुनिक माणसाचं घर. मथुताई दोरांच्या गाठी तपासत होत्या. "बांधणारा शिकलेला असेल, पण यानं तिरडी कधी बांधलेली नाही," त्या म्हणाल्या. "चौकापर्यंतसुद्धा जायची नाही ही." हेमंत एवढा हसला की रखवालदार बघायला आला. पुढच्या दालनात नुसताच एक फ्रीज गुरगुरत होता. माझ्याकडे त्यालाही स्पष्टीकरण होतं, पण ते कुणी मागितलं नाही.

घाटाची फिल्म एका अंधाऱ्या मोठ्या हॉलमध्ये होती. भिंतभर पडदा, समोर लाकडी बाकं, पंधरा-वीस माणसं. आत शिरलो तर पडद्यावर आमचा पिंपळ! माझे डोळेच भरून आले. एक कुटुंब वाट बघत उभं होतं, बाकी काही घडत नव्हतं. लोक दहा मिनिटं बसत आणि उठून जात. मथुताई कोपऱ्यातल्या बाकावर टेकल्या. "पाच मिनिटं बसू आणि जाऊ," म्हणाल्या. सहा तासांतली पाच मिनिटं. आता मला कळतंय, त्या मनात हाच हिशोब करत होत्या.

पण धंद्यातलं माणूस गप्प कसं बसणार? पडद्यावर त्या कुटुंबाने हात जोडले तशा त्या पुटपुटल्या, "उपयोग नाही. तो टोपीवाला जावई फोनवर बोलतोय बघ, त्याला आधी थांबवा." दोन मिनिटांनी पडद्यावर कुणीतरी जावयाला दटावलं, त्याने फोन खिशात टाकला आणि कावळा आला. पुढच्या बाकावरची एक म्हातारी बाई वळली. हेमंतने तिला जर्मनमध्ये सांगितलं, ही माझी आई, तिथलीच आहे. झालं! माणसं सरकून जवळ आली. पुढचं कुटुंब लागलं. मथुताई म्हणाल्या, "थोरली सून. तिला रडू येत नाहीये म्हणून ती घाबरलीय. तिला कुणीतरी पाणी द्या." हेमंत भाषांतर करत होता, लोक श्वास रोखून बघत होते. उठून जाणारे थांबले, नवीन येणारे उभे राहिले. तीस-चाळीस माणसं झाली. पाच मिनिटांचा तास झाला. आपल्या विद्येला असा मान मिळाला तर कोण उठेल? मी एकतीस वर्षं शिकवलं, माझ्या वर्गात एवढी शांतता कधी झाली नाही. खरं सांगतो, मला हेवा वाटला.

मग पडद्यावर नवीन सकाळ आली. पायऱ्या, पत्रावळी, पिंड. एका कडेला एक टकला माणूस मफलर गुंडाळून उगाच इकडेतिकडे करत होता. मी म्हटलं, हा कोण मूर्ख मध्येमध्ये येतोय. आणि ओळखलं. तो मीच होतो.

 मी मथुताईंकडे बघितलं. त्यांचा हात पदरावर होता आणि तो हलत नव्हता.

"हा विलास," हेमंत म्हणाला. मग म्हणाला, "आई, हे आपलं आहे?"  पडद्यावर जिलबी आली, मिसळ आली, तंबाखूची डबी आली. कावळे भिंतीवर बसून होते. पुढच्या बाकावरची म्हातारी मोठ्या उत्सुकतेने मथुताईंकडे वळली. आता ही काय सांगते? सगळेच वळले. चाळीस माणसं वाट बघत होती आणि मथुताई गप्प.

पडद्यावरच्या मथुताई पुढे गेल्या, वाकल्या. त्या कॅमेरावाल्या बाईने पिंडाजवळच्या पायरीवर माइक ठेवलेला होता, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. हॉलभर त्यांचा आवाज घुमला. "अहो, आता हट्ट पुरे करा. मीच नाही त्याला कळवलं. नऊ दिवस तुम्ही त्याची वाट बघत पडला होतात, त्याला यातलं काही माहीत नाही. त्याच्यावर राग धरू नका. धरायचा तर माझ्यावर धरा." खाली जर्मन अक्षरं उमटत होती. म्हणजे त्या चाळीस परक्या माणसांना हेमंतच्या बरोबरीनेच सगळं कळत होतं. पडद्यावरच्या मथुताई मागे सरल्या. कावळा जागचा हलला नाही.

मला माझीच शिसारी आली. गुडघा दुखतोय म्हणणाऱ्या बाईला मी ओढून आणलं होतं, लिफ्ट आहे म्हणून.

हेमंत पडद्याकडेच बघत होता. "लगेच शिवला म्हणालीस."

"नाय शिवला." त्यांचं माहेर नांदगावकडचं. पन्नास वर्षांत त्यांच्या तोंडून मी ते बोलणं क्वचितच ऐकलं होतं. "तीन तास बसलो, नाय शिवला. मी सांगितलं असतं तर तू आला असतास. सगळं टाकून आला असतास, मला माहीत होतं. म्हणून नाय सांगितलं. जगाला सांगत फिरले, मुलांना कळवा म्हणून. चुकलंच माझं."

पुढची म्हातारी हळूच हेमंतच्या गुडघ्याला हात लावून काहीतरी म्हणाली. आई काय म्हणतेय, असंच विचारलं असणार. सगळे भाषांतरासाठी थांबले होते. हेमंत तिला दोन शब्द बोलला आणि ती ओशाळून समोर वळली. नंतर मी त्याला विचारलं, काय सांगितलंस? म्हणाला, "ती माझ्याशी बोलतेय, असं सांगितलं."

माणसं एकेक करून उठून गेली. कुणी पावलांचा आवाजसुद्धा केला नाही.

"बाबा काही बोलत होते का?" हेमंतने विचारलं.

"एकच. आला का गं?"

"मग तू काय सांगायचीस?"

मथुताईंनी पदराने तोंड पुसलं. "सांगायचे, विमानात बसलाय."

"नऊ दिवस?" हेमंत त्यांच्याकडे वळला. "आई, नऊ दिवस मी विमानात?"

"मग काय! त्यांना काय ठाऊक, जर्मनी किती लांब आहे ते."

हेमंत हसला. म्हणजे हसायला लागला आणि मध्येच त्याचं काहीतरी दुसरंच झालं. त्याने आईच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि मोठमोठ्याने रडायला लागला. मथुताई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि त्यांनाही रडू आवरत नव्हतं. पडद्यावर गुरुजी दर्भाची गाठ मारत होते, तिकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

मी बाहेर जायला दारावरचा पडदा सारला, तर समोर मघाचाच रखवालदार. आत इतका आवाज कशाचा, म्हणून बघायला आलेला. मी दार अडवून उभा राहिलो. माझ्या त्या सुप्रसिद्ध इंग्रजीत त्याला म्हटलं, जरा थांबा, त्यांच्या घरातलं माणूस गेलंय.

त्याचा चेहरा उतरला. त्याने टोपी काढली. "कधी?" त्याने विचारलं.

"आत्ताच," मी म्हटलं.